सहा महिन्यांची रजा आणि मी दिलेला शब्द

जपान पाहण्याची मला विशेष हौस नव्हती. जपानात नागोया शहरी नोकरी करणाऱ्या आमच्या अनिरुद्धला मुलगी झाली. सुनेच्या बाळंतपणासाठी आमच्या सौ. आधीच तिकडे गेल्या होत्या आणि मी इंदूरला, छत्रीबागेतल्या घरी, स्वतः केलेले कोरडे पोहे खात होतो. अशात एका सकाळी अनिरुद्धने फोनवर सांगितले, की बाळासाठी तो सहा महिन्यांची रजा घेत आहे. तो स्वतः! सून मुक्ता तर आधीपासून रजेवर होतीच.

मी चौतीस वर्षे एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत रजेचे अर्ज तपासले. पुरुषाने सहा महिने मागितले, तर त्याला मोठे आजारपण तरी असावे किंवा दुसरीकडे नोकरी तरी लागलेली असावी, असा माझा अनुभव. शेजारच्या दुबेजींना सांगितले, तर ते म्हणाले, “जापान में तो लोग काम करते-करते मर जाते हैं, और आपका लड़का छुट्टी पे? जाओ भिया, समझाओ उसको.” मी व्हिसाच्या तयारीला लागलो.

इंदूरहून दिल्ली, दिल्लीहून टोकियो आणि तेथून पावणेदोन तासांत वेगवान रेल्वेने नागोया, असा माझा मार्ग होता. जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. मोठी बॅग असेल, तर त्या रेल्वेत बॅगेसाठी मागे जागा असलेले आसन आधीच राखून ठेवावे लागते. किंवा विमानतळावरच बॅग घरपोच सेवेकडे सोपवावी. दुसऱ्या दिवशी ती दारात येते. मी विश्वास न ठेवता बॅग सोबत वागवली आणि पाठ धरली. शाकाहारी मंडळींनी सूपपासून सावध राहावे, कारण निरुपद्रवी दिसणाऱ्या सूपलाही माशाचा अर्क असतो. आंबट फळाचे लोणचे घातलेला भाताचा गोळा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. त्यावर इंदुरी शेव भुरभुरली, की प्रवास निभतो.

अनिरुद्ध यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्याची रजा सुरू व्हायला अजून काही दिवस होते. माझ्या सुदैवाने (तेव्हा मला ते सुदैवच वाटले) त्याच आठवड्यात कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना कंपनी दाखवण्याचा दिवस होता. दाराशी घरातल्या चपला काढून ठेवल्यासारख्या ओळीने सपाता. आत कमालीची शांतता. मला अनिरुद्धच्या विभागप्रमुखांच्या, मोरीसानांच्या, स्वाधीन करून अनिरुद्ध चहा आणायला गेला.

मोरीसान (‘सान’ म्हणजे आपले ‘जी’) साठीला टेकलेले, सडपातळ गृहस्थ. ते दोन वर्षे आमच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात होते, हे ऐकून मला भलताच जिव्हाळा वाटला.

“पोहा,” ते हसून म्हणाले. “रोज सुबह. कम तीखा.” पुढचे संभाषण इंग्रजीत झाले.

सहा वाजता सनईसारखी एक धून वाजली आणि विभागातले दिवे आपोआप मालवले. मी दचकलो.

“बुधवारी जादा काम करायला मनाई आहे,” मोरीसान म्हणाले.

तरुण मंडळी उठून गेली. कोपऱ्यातल्या दोन पिकल्या केसांच्या माणसांनी मात्र टेबलाचे छोटे दिवे लावले आणि काम पुढे चालू ठेवले. मोरीसानांनी तिकडे पाहून न पाहिल्यासारखे केले. मी गोंधळलो. मनाई नक्की कोणाला होती?

त्या अंधुक उजेडात मी ते बोलून बसलो, ज्यासाठी मी इतका लांब आलो होतो. म्हणालो, “माझ्या मुलाच्या रजेमुळे तुमची अडचण होणार आहे, त्याबद्दल मी वडील या नात्याने क्षमा मागतो. माझी पत्नी येथे आहेच. मी शब्द देतो, एक महिन्यात तो कामावर हजर होईल.”

मोरीसानांनी कोटाचे बटण लावले. मग कमरेत वाकले. मीही वाकलो. काम फत्ते झाले, अशा समजुतीत मी घरी आलो आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी अनिरुद्ध आला, तो बूट न काढताच दारात उभा राहिला.

“बाबा, तुम्ही मोरीसानना काय बोललात?”

मी सांगितले.

“अरे यार बाबा! इथे घरातल्या मोठ्या माणसानं माफी मागितली ना, की मामला खतम. ते मला म्हणाले, घरच्यांची मर्जी नसेल तर अर्ज परत घे, कोणी काही बोलणार नाही. ज्याला मी माझं काम समजावून देत होतो, त्याला त्यांनी थांबवून टाकलंय.”

“मी तुझ्या नोकरीसाठीच...”

“नोकरीला काही होत नाहीये! कायदा आहे. फॉर्म त्यांनी खुद आणून दिला होता.”

मुक्ता बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, आईंचा व्हिसा पुढल्या महिन्यात संपतोय. मग दिवसभर मी एकटीच असणार ना. इथे भाषासुद्धा नीट येत नाही मला.”

हा हिशेब मी केलाच नव्हता. मी सौ.कडे पाहिले.

“माझ्याकडे काय बघता?” त्या म्हणाल्या. “हा झाला सकाळी अकराला. तुम्ही दवाखान्यात आलात संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर. आणलेत पेढे, तेही ऑफिसात वाटून उरलेले!”

अनिरुद्धला हसू आले. मला आले नाही. त्या दिवशी मी कामावर गेलो म्हणून साहेबांनी सर्वांसमक्ष माझे कौतुक केले होते. ही गोष्ट मी घरात कित्येकदा अभिमानाने सांगितली आहे.

सकाळी मी इंग्रजीत पत्र लिहिले. तीनदा फाडले, चौथ्यांदा जमले. ‘मी दिलेला शब्द माझ्या मुलाचा नव्हता. तो देण्याचा मला अधिकार नव्हता. कृपया तो रद्द समजावा.’ दुपारच्या सुट्टीत अनिरुद्धसोबत जाऊन ते मोरीसानांना दिले. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले आणि उभ्याउभ्याच दोनदा वाचले.

“माझी मुलगी जन्मली, तेव्हा मी दुसऱ्या शहरात यंत्र बसवत होतो,” ते म्हणाले. “चाळीस दिवसांनी तिला पाहिले. प्रमुख म्हणाले, मोरी भरवशाचा माणूस आहे. मला फार आनंद झाला होता. आता वरून सांगतात, प्रत्येक तरुणाला विचारा, रजा घेणार का? मी विचारतो. घेतो म्हणाला, की त्याचे काम कोणावर टाकायचे, तेच मोजत बसतो. परवा तुम्ही बोललात, तेव्हा मला हायसे वाटले. तेच वाईट झाले.”

“मग यातले योग्य काय?” मी विचारले.

“मला ठाऊक नाही,” ते म्हणाले आणि अनिरुद्धकडे वळून जपानीत काही बोलले. अनिरुद्धचा चेहरा सैल झाला. रजा पूर्ववत झाली होती.

रजेच्या आदल्या दिवशीचे वर्णन अनिरुद्धने संध्याकाळी केले. प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन, एकेक बिस्कीट देऊन, ‘तुम्हांला त्रास देत आहे, क्षमा असावी’ असे म्हणत तो बावीस वेळा वाकला. मी विचारले, “कायद्याने तुझा हक्क आहे ना? मग क्षमा कसली?”

“पता नहीं बाबा. सगळेच करतात.”

मी दहा दिवस आणखी राहिलो. किल्ला पाहिला, तो सुंदर आहे. सकाळी लवकर जावे, म्हणजे गर्दी लागत नाही. परंतु माझे लक्ष त्यात नव्हते. मी गाडीत झोपलेल्या कोटधारी माणसांकडे पाहत बसे आणि यांच्यापैकी कोण सुटीवर निघाला आहे, कोण सुटी नाकारून आला आहे, याचा अंदाज करी. एकही अंदाज पडताळता येत नव्हता.

इंदूरला परतून आता दीड महिना झाला. व्हिसा संपल्यामुळे सौ.ही परतल्या. दुबेजी विचारतात, “लड़का काम पे लगा?” मी ‘नाही’ म्हणतो. ते हळहळतात. पूर्वी त्यांच्याइतकाच मीही हळहळलो असतो. आता तेही जमत नाही आणि पुरता आनंदही होत नाही.

परवा, कामाच्या दिवशी, सकाळी अकराला अनिरुद्धचा फोन आला. तिकडे दुपारचे अडीच वाजले होते. तो कुजबुजत होता. “हळू बोला बाबा, छोटी बरोबर सव्वादोनला झोपते. पाच मिनिटंही इकडे-तिकडे नाही.”

फोन ठेवल्यावर मी सौ.ना विचारले, “अनिरुद्ध लहानपणी दुपारी किती वाजता झोपायचा?”

“पावणेदोन,” त्या भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या.

आमच्या शाखेतल्या त्रेचाळीस कर्मचाऱ्यांपैकी कोणाची किती रजा शिल्लक होती, ते मी त्या काळी झोपेतून उठवले तरी सांगितले असते. पावणेदोनचे हे मात्र मला प्रथमच कळले.