भेसळ उपटणारी मावशी

"नख दाखव."

कुठलीही नवी बाई समोर आली की मावशीचा पहिला शब्द हा. नाव-गाव नंतर. ती त्या बाईचा उजवा हात आपल्या हातात घ्यायची, अंगठा उन्हाकडे वळवायची आणि नख निरखायची. नख बळकट, नीट वाढवलेलं असलं की म्हणायची, "हाव, कामाची हाय." नसलं की हात परत करायची, शेजारणीची वाटी परत करावी तसा.

माझी बायको लग्न होऊन मोताळ्यात आली तेव्हा तिचंही नख असंच पाहिलं गेलं. ती शाळेत शिकवते, नखं कापून ठेवते. मावशी मला म्हणाली, "भाऊ, हिच्यानं एक कळी सोलनं नाई होत. पन चेहरा चांगला हाय." बायको दोन दिवस फुगून बसली. मग मावशीनं अंबाडीची भाजी आणून दिली आणि दोघींचं मेतकूट जमलं ते कायमचं.

नखाचं प्रकरण काय ते सांगायला हवं. मी तेव्हा एका बियाणे कंपनीत फिल्डमन होतो. कॅनॉलच्या कडेनं आमचे कपाशीचे सीड प्लॉट असत. बीटीचं जे बी लोक पाकीट फोडून पेरतात, ते तयार करताना एकेका फुलाचं लग्न हातानं लावावं लागतं. उद्या उमलणारी मादी झाडावरची कळी संध्याकाळी अंगठ्याच्या नखानं सोलायची, आतले पराग काढून टाकायचे आणि सकाळी नर झाडाचं फूल आणून त्या सोललेल्या कळीवर फिरवायचं. याला आमच्याकडे क्रॉसिंग म्हणतात. सगळा प्लॉट जिला मावशी म्हणायचा, ती या क्रॉसिंगवाल्या बायांची म्होरकी. ओळीतून तिचा आवाज फिरायचा, "हळू वो माय, फूल हाय थे, लसून नाई!"

मी तिच्या प्लॉटवर जरा जास्तच रेंगाळायचो. काम चोख होतं म्हणून, आणि चहा चांगला मिळायचा म्हणूनही.

प्लॉटच्या तपासणीला कंपनीचा साहेब येणार असला की मावशीच्या अंगात यायचं. प्लॉटमध्ये मधेच एखादं वेगळ्या पानाचं, जास्त उंच वाढलेलं झाड निघतं. त्याला भेसळ म्हणतात. ती उपटायचीच असते, तसा नियमच आहे. पण मावशी आदल्या दिवशी नुसतं जरा वेगळं दिसलं तरी ते झाड ठेवायची नाही. उपटलेली झाडं नाल्यात, नाल्यावर पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, वर स्वतः उभी. मी एकदा म्हणालो, "मावशी, चांगलं झाडही उपटलं तुम्ही." तर म्हणाली, "साहेबाच्या डोळ्याले तरास कायले द्याचा? पाहुन्याले आपुन घर झाडूनच दाखोतो ना?"

तिचे प्लॉट कधी फेल झाले नाहीत. एकदा फेल झालेल्या शेतात कंपनी पुन्हा पाय ठेवत नाही, हे तिनं दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. फेल हा शब्द ती सापाचं नाव घ्यावं तसा, आवाज खाली आणून घ्यायची.

मग बोंडअळीचं वर्ष आलं. बीटीला अळी लागत नाही असं आम्हीच गावोगाव मीटिंगा घेऊन सांगितलं होतं. त्या वर्षी बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. मावशीच्या स्वतःच्या कोरडवाहू तुकड्यातला कापूस वेचण्याच्या लायकीचा उरला नाही. मला पाहिलं की पारावरची माणसं तोंड फिरवायची. मावशीनं मात्र हाक मारून बसवलं. "तू का अळी खिशात घालून आन्ली भाऊ? बस. च्या पे."

त्याच हंगामानंतर तिचा एकुलता एक पोरगा मस्कतला गेला. इलेक्ट्रिशियनचं काम शिकलेला होता. नवरा आधीच गेलेला, त्यामुळे घरी मावशी आणि सून अशा दोघीच राहिल्या. या सुनेचंही नख पाहून पसंती झाली होती. पोरीच्या आईला वाटलं, ही बाई हातावर काही डाग शोधते आहे, आणि तिनं घाईघाईनं पोरीचे दोन्ही हात पुढे केले. मावशी ही गोष्ट प्रत्येक हंगामात सांगायची आणि सून प्रत्येक वेळी नव्यानं हसायची.

पण पोरगा जायच्या आधीच लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं.

प्लॉटवर एकदा एक बाई बोलून गेली, "मावशी, पोराची दुसरी कराची होती. वय हाय तोवर..." सून पलीकडच्या ओळीत होती. मावशीनं हातातली कळी सोलून पूर्ण केली आणि म्हणाली, "तुह्या नवऱ्याची कर पह्यले. मी येतो अक्षता टाकाले." सगळ्या ओळी खो खो हसल्या. सून हसली नाही, पण तिच्या हाताचा वेग वाढला, हे मी पाहिलं.

बायांची तोंडं बंद करणं सोपं होतं. दिराचं तसं नव्हतं. हा मावशीचा थोरला दीर, घरातला कर्ता माणूस. त्यानं जवळच्या एका गावात दुसरी मुलगी पाहूनही ठेवली होती. तेवढ्यात पोराचा मस्कतहून फोन आला की इथं टेस्ट ट्यूबचा दवाखाना आहे, माझ्या तपासण्या चांगल्या निघाल्या, आता हिचे कागद पाठवा. डॉक्टरीण आधी व्हिडिओवर बोलेल आणि मग हिला बोलवायचं का ते सांगेल. त्याला रजा मिळत नव्हती, म्हणून उपचार तिकडेच. दिराला थांबवायला मावशी बोलून बसली, "मस्कतच्या डाक्तरीननं नाई म्हनलं तं मंग तुमी म्हनसान तसं."

बोलून बसली आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

व्हिडिओसाठी माझं घर ठरलं, कारण लॅपटॉप आणि बरं नेट माझ्याकडे. दिवस बाजाराचा धरला. त्या दिवशी आमची गल्ली रिकामी असते, कोणी खिडकीत डोकावणार नाही, हा मावशीचा हिशेब. आदल्या आठवड्यात ती सुनेला घेऊन येऊन आमच्या घरात सराव घ्यायला लागली. स्वतः खुर्चीत डॉक्टरीण होऊन बसायची, डोळ्यांवर माझ्या बायकोचा चष्मा. "बोला बाई, काय तरास हाय?" सून पदर तोंडात धरून हसायची. पुढचे प्रश्न पाळीवर गेले की मी मोटरसायकलचं चाक तपासायला बाहेर पडायचो. त्या आठवड्यात माझ्या मोटरसायकलचं चाक फार वेळा तपासलं गेलं.

कागद तिनं कंपनीच्याच कापडी पिशवीत आणले, वर कपाशीच्या बोंडाचं चित्र. बुलढाणा, मलकापूर, अकोला, सगळीकडचे रिपोर्ट. ती एकेक कागद माझ्या हातात द्यायची, मी फोटो काढून मस्कतला पाठवायचो. एवढे कागद सांभाळून ठेवले म्हणून मी तिचं कौतुकसुद्धा केलं. तिनं पिशवीची नाडी ओढून घेतली.

बाजाराचा दिवस आला. मावशीनं पहाटेच येऊन माझी खोली झाडली, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, मागे पांढरी चादर लावली. सून नव्या लुगड्यात, शेजारी माझी बायको. लॅपटॉपच्या एका चौकोनात डॉक्टरीण आली, केरळची, हिंदी बोलणारी, हसऱ्या चेहऱ्याची. दुसऱ्या चौकोनात पोरगा, डोक्यावर कामाची पिवळी टोपी तशीच. मावशी दाराआड उभी, कारण सासू दिसली तर सून मोकळी बोलणार नाही, असं तिनंच ठरवलं होतं. मी लॅपटॉपच्या बाजूला, नजर छताकडे.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग डॉक्टरणीनं विचारलं, "ट्यूब का एक्स-रे कभी हुआ है? वो रिपोर्ट मुझे नहीं मिला."

"हुआ है," सून म्हणाली. "अकोले में."

मी लॅपटॉपमध्ये शोधलं. नव्हता. पिशवी उलटी केली. नव्हता. पोरगा तिकडून म्हणाला, "भाऊ, पाठवाचा राह्यला का?" सून रडवेली झाली. एवढ्या कागदांतला नेमका तोच कागद कसा गेला, हे कोणालाच कळेना.

"भाऊले बोलू नको," दाराआडून आवाज आला. "थो म्या काढला."

मावशी आत आली. पहिल्यांदाच तिचे हात कुठं ठेवावे ते तिला सुचत नव्हतं. "थो काळा फोटो होता ना, थो पाहूनच अकोल्याचा डाक्तर तोंड वाकडं करत होता. ही पोरगी एसटीत रडत आली घरापावतर. मंग म्या इचार केला, इतके चांगले कागद हायत, त्याच्यात हा एक भेसळ कायले दाखवाचा? डाक्तरीन फेल करन."

मी हे हिंदीत सांगायला गेलो. भेसळ, झाडं, तपासणी, साहेब, असं सगळं सांगताना मी काय बोलतोय ते माझं मलाच कळेना. डॉक्टरणीनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "फोटो है कहाँ, अम्मा?"

फोटो मावशीच्या गावी, तिच्या घरी होता, गोधड्यांच्या चवडीत. तिनं फाडला नव्हता. डॉक्टरीण म्हणाली, मी दुसरे पेशंट पाहून घेते, तोवर घेऊन या.

मी मावशीला मोटरसायकलवर मागे बसवलं. रस्त्यानं बाजाराला येणाऱ्या गाड्या, भाजीच्या टोपल्या, कोंबड्या. मावशी एरवी मागे बसली की सगळ्या शेतांची तपासणी करत जायची. त्या दिवशी तिनं एकाही शेताकडे पाहिलं नाही. गावाच्या वळणावर म्हणाली, "भाऊ, फेल झाली तं थ्या पोरीचं काय होईन रे? माह्या तोंडातून गेलेला शब्द हाय. दीर थोडाच सोडन? माह्या जवळ लेकीसारखी राह्यली थे. मी तिले कोन्त्या तोंडानं सांगू, का सामान बांध?"

मी गाडी जोरात घेतली.

परत आलो तेव्हा सून माझ्या बायकोच्या खांद्याला टेकून बसली होती. मावशीनं तिच्याकडे पाहिलं नाही. काळी फिल्म माझ्या हातात दिली. मी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि लॅपटॉप तिकडे वळवला. डॉक्टरीण पुढे झुकून बराच वेळ पाहत राहिली. मावशीनं माझ्या बायकोचा हात धरला होता, आणि नख पाहत नव्हती.

"दोनों नली बंद हैं," डॉक्टरीण म्हणाली.

सुनेनं मान खाली घातली.

"अम्मा, इधर देखिए. नली बंद है, इसीलिए तो ये इलाज है. जो काम नली में होता है, वो हम बाहर करेंगे. ये फोटो मुझे सबसे पहले चाहिए था." मग तिनं समजावलं, की खात्री देता येत नाही, एकदा जमतं, एकदा जमत नाही, पण बाईंना पाठवा.

मावशीला हिंदी कळत होती, तरी तिनं माझ्याकडून सगळं पुन्हा मराठीत वदवून घेतलं. मग विचारलं, "बाहीर करते म्हन्जे हातानं? म्हन्जे क्रॉसिंगच की!" मी डॉक्टरणीला कपाशीचं लग्न हिंदीत समजावायला तोंड उघडलं, सुनेकडे पाहिलं आणि मिटलं. माझी बायकोच फसकन हसली. मग सून हसली, तिकडे पिवळी टोपी हसली, आणि मावशी हसता हसता एकदम रडायला लागली. सुनेनं उठून तिला जवळ घेतलं. "आत्याबाई, मले इचाराचं होतं ना," एवढंच म्हणाली.

सुनेला नांदुऱ्याच्या स्टेशनवर सोडायला आम्ही सगळे गेलो. तिला मुंबईपर्यंत तिचा भाऊ सोडणार होता. पहिल्या वेळी उपचार लागू पडला नाही. ती बातमी आली तेव्हा मावशी प्लॉटवर होती. तिनं फोन ठेवला, ओळीच्या कडेला बसली आणि मला म्हणाली, "कपाशीचा पह्यला बहर गळत नाई का कदी? झाड तं उभंच हाय." संध्याकाळी दीर आला तेव्हा मी तिथं होतो. मावशीनं त्याला चहा दिला आणि सांगितलं, "भाऊजी, डाक्तरीननं नाई म्हनलं नाई. मंग आता थो इषय माह्या घरात काढू नका." थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर न सावरता बोलताना तिला मी तेव्हाच पाहिलं. तो चहा पिऊन निघून गेला.

दुसऱ्या खेपेला जमलं.

बाळंतपणासाठी मावशीनं पासपोर्ट काढला. ती गेली त्या वर्षी क्रॉसिंगच्या हंगामात तिच्या बाया दुसऱ्या म्होरकीच्या हाताखाली आल्या. काम ठीक चाललं होतं, वाईट म्हणता येणार नाही. पण ओळीत कोणी ओरडत नव्हतं आणि मी चहाला न थांबता पुढच्या प्लॉटवर जायचो. खरं सांगायचं तर मला तिच्यावाचून करमत नव्हतं.

एका दुपारी मी शेताच्या बांधावरच होतो, तेव्हा मस्कतहून व्हिडिओ आला. उजळ खोली, पडदे, आणि मावशीचा अर्धा चेहरा, कारण मोबाइल धरायचा कसा हे तिला कधीच आलं नाही. "नात झाली भाऊ!" मी जवळच्या बायांना हाका मारल्या. सगळ्या ओळी सोडून धावल्या, माझ्याभोवती डोकी जमली. चेहरा दाखवा, चेहरा दाखवा, असा गलका झाला.

"थांबा," मावशी म्हणाली. तिनं दुपट्याचं टोक बाजूला सारलं आणि मोबाइल बाळाच्या पायाशी नेला. लहानसा डावा पाय. त्याची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती. तिनं तो पाय तळहातावर घेऊन आम्हा सगळ्यांना नीट दिसेल असा धरला.

"हे पाहून घ्या पह्यले," ती म्हणाली. "अशीच हाय आमची. आता तोंड पाहा."