कृष्णाबाईचा फोटो

मालोजीच्या अल्बमला आम्ही दिलेली दाद आठवली की अजून तोंड कडू होतं. दाद देणाऱ्यांत मीही होतो, म्हणून जास्तच.

बंगलोरच्या बळेपेटेतल्या एका स्टुडिओत मालोजी अठरा वर्षं निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत होता आणि मी तिथेच डार्करूममध्ये प्रिंट काढत होतो. सुरकुत्या, डाग, खड्डे, जे गिऱ्हाइकाला नको ते पेन्सिलने भरून टाकायचं, हे त्याचं काम. १९६१ साली एका सरकारी खात्यात फोटोग्राफरची जागा निघाली. अट चाळिशीच्या आतली, आणि मालोजीला दसऱ्याला चाळीस पुरी होणार होती. अर्जासोबत स्वतः काढलेले बारा फोटो मागितले होते. ही जागा हुकली की जन्मभर दुसऱ्यांच्या मुरमांवर पेन्सिल.

त्याने आपल्याच मराठा मंडळींचे फोटो काढले आणि सवयीने सगळ्यांवर पेन्सिल फिरवली. रविवारी त्याच्या घरी कॉफीला जमलो तेव्हा अल्बम हातोहात फिरला. सोललेल्या कोहळ्यासारखे बारा गुळगुळीत चेहरे. शेजारचे जयसिंगराव तर आपल्या नाकावरची चामखीळ गेलेली पाहून गहिवरले. "फार चन्नाग आलंय, अण्णा, फार छान," म्हणाले. मीही मान डोलावली. दुसऱ्याच्या घरच्या चकल्या खाताना खोटं बोलायला काय लागतं?

मग मालोजीची थोरली बहीण कृष्णाबाई आतून आली. आईमागे तिनेच त्याला वाढवलेलं. लहानपणी देवी आल्या होत्या, त्यामुळे चेहरा वणांनी भरलेला. पानं उलटत ती स्वतःच्या फोटोशी थांबली.

"ही कोण?" ती म्हणाली. "मालू, उद्या मी गेले आणि हा भिंतीवर लावलास, तर माझी लेक मला ओळखायची नाही. आणि ही बाकीची तरी कुठे आपली माणसं आहेत? सगळ्यांना एकच तोंड दिलंयस."

बायकांना यातलं काय कळतं, असं जयसिंगरावांनी तिला ऐकवलं. आम्ही हसलो. मालोजी हसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने टर्पेंटाइनच्या बोळ्याने बाराही निगेटिव्हवरची पेन्सिल पुसली. मी प्रिंट काढल्या. ट्रेमध्ये कृष्णाबाईचा चेहरा एकेका वणासकट वर आला, आणि नजर अशी करारी की मीच खाली पाहिलं. अठरा वर्षं लोकांची तोंडं पुसून पोट भरलं, आपलीच किळस येते, असं मालोजी म्हणाला. चामखीळ परत आलेली पाहून जयसिंगराव बरेच दिवस बोलले नाहीत. कृष्णाबाईने मात्र आपला फोटो हातात धरून ठेवला. आता ही खरी मी, हाच सगळ्यात वर ठेव, म्हणाली.

मुलाखतीच्या संध्याकाळी मालोजीने कब्बन पार्कच्या बाकावर मला सगळं सांगितलं. मोठे साहेब त्याच फोटोवर थांबले. असं काम दुसऱ्या कुणाच्या अर्जात नाही, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, ही बाई कोण?

"स्टुडिओतलं एक गिऱ्हाईक, असं सांगितलं मी," मालोजी म्हणाला.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

जागा त्यालाच मिळाली. हुकूम आला त्या सकाळी कृष्णाबाई चिरोट्यांचं ताट घेऊन गल्लीत घरोघर फिरली. माझ्या दारातही आली. साहेबांनी विचारलं तेव्हा, ही माझी अक्का, असं मालूने भर कचेरीत छाती पुढे काढून सांगितलं म्हणे, त्यानेच तिला घरी येऊन सांगितलेलं. मी चिरोटा घेतला आणि तिच्यासमोरच खाल्ला.