आउग्सबुर्गमध्ये न विचारलेला प्रश्न

चिंचवडहून निघताना बायकोने एकच काम सांगितलं होतं. "निखिलला विचारा, पीएचडी झाली की परत येणार का." तीन आठवडे म्युनिकजवळ गार्चिंगला मुलाच्या खोलीवर राहिलो, पण विचारलं नाही. शेवटच्या शनिवारी म्हणालो, "मला आउग्सबुर्ग बघायचंय."

कारण सांगतो. मी कारखान्यात साचे-हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममधला माणूस. रोमचा इतिहास स्वतः वाचून शिकलो. पक्ष्यांवरून देवाचा कौल घेणारा रोमन पुरोहित म्हणजे ऑगर. सम्राट ऑगस्टसच्या पदवीचं नातं याच शब्दाशी जोडतात. (मूळ धातूबद्दल मतभेद आहेत, ते लपवणार नाही.) त्याच्यावरून ऑगस्ट महिन्याचं नाव, आणि या शहराचंही. म्हणून ऑगस्टमध्येच आउग्सबुर्ग!

जाणाऱ्यांनी बायर्न तिकीट घ्यावं, म्हणजे त्या राज्यातल्या साध्या गाड्यांचं दिवसभराचं तिकीट. पाच जणांपर्यंत एकच, आणि शनिवार-रविवारी सकाळी नऊनंतरच निघायची अट नाही. म्युनिकहून पाऊण तास. आम्ही थालीपीठं नेली होती, स्टेशनवर फक्त कॉफी घेतली.

डोम म्हणजे तिथलं मोठं चर्च, त्याच्याजवळच्या हिरवळीवर रोमन दगड मांडलेत. तिथे दक्षिणेकडे तोंड करून मी छत्रीच्या वाकड्या मुठीने आकाशात पक्षी बघायचा चौकोन आखला. ऑगरची काठीही टोकाला अशीच वाकडी. डावीकडे पूर्व, ती बाजू शुभ.

"बाबा, लोक बघतायत."

"बघू देत."

एक कबुतर गेलं. "आला की पक्षी!" निखिल म्हणाला.

"कबुतर धरत नाहीत. कावळा, घुबड, गरुड असले चालतात."

"म्हणजे याला व्हिसा नाही." तो हसला. मग तिकडच्या सवयीने म्हणाला, "आल्झो... म्हणजे, पण प्रश्न आधी मोठ्याने बोलायचा असतो ना? तुम्हीच ट्रेनमध्ये सांगितलंत."

हे माझ्याकडून सुटलं होतं. माझ्याकडून! छत्री खाली घेतली.

परतीच्या फलाटावर तो रुळांकडे बघत म्हणाला, "तुमचा प्रश्न मला माहितीये, बाबा. उत्तरच अजून माहीत नाही."

मी त्याला उरलेलं थालीपीठ दिलं.

घरी आल्यावर बायकोने चपला काढायच्या आत विचारलं, "अहो, विचारलंत का?" जे झालं ते सांगितलं. "नाही म्हणाला नाही ना," म्हणत ती चहा टाकायला गेली.

हल्ली सकाळी गच्चीवर उभा राहतो. दक्षिणेकडे तोंड केलं की जर्मनी उजव्या खांद्यामागे जातो. तिकडून कुणी आलं तर दिसायचं नाही. म्हणून मी वायव्येकडे तोंड करतो. नियमात बसत नाही, मला माहीत आहे.