बाईंना मी खाली बसवलं

शिरसाठबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चिकलठाण्याला, कंपनीत जेवायला बसलो होतो. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन होता. मंडळीचा सचिव म्हणून पत्रकासाठी चार ओळी लिहून द्या, म्हणाले. ‘तीस वर्षं निष्ठेनं संडे स्कूल सांभाळलं’, असं मी लिहून दिलं. ते अगदी खरं नव्हतं. मधले काही महिने तो वर्ग त्यांच्याकडं नव्हता, कारण मीच तो काढून घेतला होता… सहा आठवडे झाले, त्या ओळी डोक्यातून जात नाहीत.

बाई मूळच्या पाचोडच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांच्या वर्गात मी लहानपणी बसलो. बायबलचं वचन पाठ नसलं तर त्या रागवत नसत, पण न तपासता मान हलवली की चिडायच्या. “पाळक सांगू दे नायतर मी, आधी शास्त्र उघडून बघायचं,” म्हणायच्या. हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं की पुढं ते ऐकू येईनासं झालं.

मी सचिव झालो तेव्हा आमची बाकं रिकामी पडू लागली होती. म्हणून बाहेरगावच्या एका प्रचारकाला मी तीन दिवसांच्या सभेला बोलावलं. चटया कमी पडल्या, एवढी गर्दी झाली. मला भारी अभिमान वाटत होता. दुसऱ्या संध्याकाळी तो म्हणाला, ज्याचा विश्वास खरा, त्याला गोळ्या-इंजेक्शनं लागत नाहीत. औषध घेणं म्हणजे देवावर संशय घेणं. लोक हालेलूया म्हणत असतानाच मागून बाई उभ्या राहिल्या.

“भाऊ, आजाऱ्यांसाठी प्रार्थना मी बी करते. पण औषध घेणं पाप हाये, हे शास्त्रात कुठं हाये तेवढं दाखवा. उद्या लोक गोळ्या बंद करतील.”

तो हसला आणि माझ्याकडं पाहत राहिला. मी मागं गेलो, म्हणालो, “बाई, खाली बसा. पाहुण्यांपुढं मंडळीची शोभा करू नका.”

“शोभेचं नाय रे अनिल, जिवाचं हाये,” त्या हळूच म्हणाल्या आणि बसल्या. त्यांचं बरोबर आहे हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं. तरी पुढच्या आठवड्यात मी त्यांचा वर्ग दुसऱ्याला दिला. तेही चिठ्ठी पाठवून.

त्या सभेला माझी धाकटी बहीण सुशीला बिडकीनहून आली होती. तिला जुनी शुगर, रोज इन्सुलिन. सख्ख्या भावानं बाईंना गप्प केलं म्हणजे प्रचारकाचंच खरं, असं तिनं धरलं आणि कुणाला न सांगता इंजेक्शन बंद केलं. पायाला साधी जखम झाली होती, ती चिघळली. घरात चक्कर येऊन पडली तेव्हा आम्हाला कळलं. जीव वाचला, पण डावं पाऊल कापावं लागलं. प्रचारकानं माझा फोन उचलला नाही.

बाई रोज डबा घेऊन वॉर्डात यायच्या. सुशीला रडत होती, “माझा विश्वासच कमी पडला, बाई.”

“विश्वास नाय कमी पडला पोरी. शिकवण खोटी व्हती.”

मी दारातच उभा होतो. माझ्याकडं बघून बाईंनी एवढंच विचारलं, “जेवलास का?”… बोल लावला असता तर बरं झालं असतं.

वर्ग त्यांना परत दिला, तोही चिठ्ठीनंच. पुढं दोन वर्षं दर रविवारी “सलाम बाई”, “सलाम अनिल”, याच्यापुढं गाडी गेली नाही. एकदा ठरवून त्यांच्या घरी गेलो, चहा घेतला, चर्चच्या गळक्या छपराबद्दल बोललो आणि उठलो.

परवा सुशीलाकडं गेलो होतो. जेवणाआधी तिनं इंजेक्शन हातात घेतलं आणि डोळे मिटले. ही बाईंनी वॉर्डात लावलेली सवय. अन्नासाठी आभार मानतो, तसे औषधासाठीही मानायचे. तिची प्रार्थना संपली, आमेनसाठी ती थांबली. माझ्या तोंडून आमेनऐवजी भलतंच आलं. “सुशे, त्या दिवशी बाई बरोबर आहेत हे मला ठाऊक होतं.”

तिनं डोळे उघडले.

“हे बाईंना सांगितलंस का?”

“नाही.”

मग तिनं स्वतःच आमेन म्हटलं, सुई टोचून घेतली, आणि कुबडी ओढून माझं ताट वाढायला उठली.