सगळ्यांचा छंद क्रिकेट

आनेकलच्या बसस्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानांना तोटा नाही. तरी नोकरीसाठी बायोडेटा करून घ्यायचा असला की आसपासच्या खेड्यांतली माणसं शिंद्यांच्याच दुकानात यायची. दुकान विश्वासराव शिंद्यांचं, पण लोक यायचे ते त्यांच्या बायकोकडे, प्रमोदिनी अक्काकडे. विश्वासराव मशीनपाशी उभे राहून कागद फिरवायचे आणि अक्का आतल्या कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढे बसलेली असायची. अक्काच्या हातचा बायोडेटा म्हणजे काम झालंच, असं लोक म्हणायचे. एकदा जिगणीच्या कंपनीत लागलेला एक पोरगा म्हैसूरपाक घेऊन आला होता. त्या डब्याची आठवण अक्काला वर्षभर पुरली.

शिंद्यांच्या कितीतरी पिढ्या याच कन्नड मुलखात गेल्या. घरात मराठी, तीही अशी की पुण्याचा पाहुणा निम्मी समजून घ्यायचा आणि निम्मीला हसायचा. दुकानात सगळा कारभार कन्नडमध्ये. अक्का बारावीपर्यंत शिकलेली, लग्नाआधी टायपिंगच्या परीक्षा दिलेली. शहरात मोठ्या कंपनीत असलेली एक शेजारची मुलगी फार पूर्वी आपला बायोडेटा छापायला आली होती. तो अक्काला इतका आवडला की तिनं तो कॉम्प्युटरवर ठेवून घेतला. वर कामाचं उद्दिष्ट, मग शिक्षण, मग अनुभव, मग गुण आणि छंद, खाली ‘वरील माहिती खरी आहे’ आणि सहीची रेघ. भाषा इंग्रजी आणि भारदस्त. त्यानंतर जो येईल त्याचं नाव, बापाचं नाव आणि पत्ता तेवढा ती बदलायची. बाकी मजकूर तोच. सगळेच आव्हानात्मक वातावरणात काम करायला उत्सुक, सगळेच प्रामाणिक, कष्टाळू आणि ‘सिन्सिअर’. या शेवटच्या शब्दातलं एक अक्षर कधीतरी गळलं होतं, ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

ती टाइप करत असताना लोक बोलत बसायचे. कुठं काम केलं, साहेब कसा होता, का सोडलं. अक्का हूं हूं म्हणायची. मध्येच कुणी विचारायचं, “हे लिहायचं का अक्का?” तेव्हा ती मायेनंच सांगायची, “अय्यो, असलं काही लिहीत नाहीत त्यात.” तिला खरंच तसं वाटायचं.

पुढं मोबाइलवर सगळं व्हायला लागलं आणि दुकानाची वर्दळ कमी झाली. मुलगी दिव्यश्री कॉलेजात गेली होती. तिनंच एक दिवस जाहिरात दाखवली. शहरात कोरमंगलात असलेली एक कंपनी जिगणी, अत्तिबेलेच्या कारखान्यांना कामगार पुरवायची. त्यांना ऑफिसात एक असिस्टंट हवी होती, कन्नड येणारी, कॉम्प्युटर येणारी. “आई, तुझ्यासाठीच आहे हे,” दिव्यश्री म्हणाली.

अक्कानं स्वतःचा बायोडेटा केला. दुसऱ्यांचे एवढे केले, आपल्याला काय अवघड, असं म्हणत तिनं तोच मजकूर घेतला आणि वर स्वतःचं नाव घातलं. अनुभवात नवऱ्याच्या दुकानाचं नाव घालायला मात्र तिला कमीपणा वाटला. तिथं तिनं ‘खासगी ऑफिस, आनेकल’ असं लिहून टाकलं.

बोलावणं आलं. बस बदलत बदलत ती कोरमंगलात पोचली. खाली कॉफीचं दुकान, वर ऑफिस. मुलाखत घेणारी मुलगी पुण्याची होती, नाव स्वानंदी. तिनं खुर्ची पुढं ओढून दिली आणि सरळ मराठीत बोलायला सुरुवात केली.

“शिंदे आडनाव बघितलं आणि म्हटलं, आनेकलमध्ये शिंदे? बोलावूया तरी. ॲक्चुअली मी हे असले बायोडेटा वाचतच नाही.”

“म्हणजे?” अक्कानं विचारलं.

“आनेकलहून येणारे सगळे सेम असतात. कुणीतरी एकच फॉरमॅट वर्षानुवर्षं चालवतंय. सिन्सिअरचं स्पेलिंगसुद्धा सगळ्यांत चुकलेलं. साफसफाईला अर्ज करणाऱ्या आजींचा छंद क्रिकेट.” ती हसली. मग समोरच्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, “तुमचाही क्रिकेटच आहे, ताई. खेळता का?”

अक्काला हसता आलं नाही. तिनं त्या बोटाखालची ओळ वाचली. स्वतःचा कागद करतानासुद्धा ती ओळ आपण वाचली नाही, हे तिला आत्ता कळत होतं.

“कुठल्या दुकानात करून घेतलात?” स्वानंदीनं सहज विचारलं.

“बसस्टँडजवळ,” अक्का म्हणाली. “एक दुकान आहे तिथं.”

“तरी मला वाटलंच. त्यांना सांगा कुणीतरी. माणूस कोण आहे, काय करू शकतो, काहीच कळत नाही त्यातून. आमच्याकडे एवढे अर्ज येतात, मग हे मी न वाचताच बाजूला टाकते.” बोलता बोलता तिनं कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला. “तुमचं काम बघायचं म्हणून एक साधी टेस्ट. हे जरा वेगळे करून द्या. त्या टाइपचे सगळे या खोक्यात, बाकीचे माझ्या टेबलावर. मी एक कॉल घेऊन येते.”

ती काचेपलीकडे गेली आणि अक्का गठ्ठ्यापुढे एकटी राहिली.

वाचायची गरजच नव्हती. आपल्या हातचा कागद ती लांबूनही ओळखत होती. पहिलाच रत्नम्माचा निघाला. रत्नम्मा शिवणाच्या कारखान्यात होती. ओडिशाहून नव्यानं आलेल्या मुलींना कन्नड यायचं नाही, तर तिनं हातवारे करून, कापडावर खडूनं खुणा करून त्यांना काम शिकवलं होतं. हे सगळं तिनं टाइपिंग चालू असताना सांगितलं होतं आणि सांगताना स्वतःच खूप हसली होती. कागदावर होतं, प्रामाणिक, कष्टाळू. खाली रत्नम्माची वळणदार कन्नड सही.

अक्कानं तो खोक्यात ठेवला.

मग आणखी एक, आणि आणखी एक. काही जणांचे चेहरे आठवत होते, काहींचे नुसते आवाज. गठ्ठ्याच्या मध्यावर नंदूचा कागद आला. नंदू त्यांच्याच गल्लीतला. प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर होता. लॉकडाउनमध्ये सगळे कामगार गावी गेले तेव्हा हा एकटा मागं राहिला. मालकानं कारखान्याच्या किल्ल्या याच्या हातात दिल्या होत्या. “हे लिहायचं का अक्का?” त्यानं विचारलं होतं, आणि तिनं नेहमीचं उत्तर दिलं होतं. पुढं तो कारखाना बंद पडला. गेली दोन वर्षं नंदू होसूर रोडला फुलांच्या गाड्या उतरवत होता आणि मधूनमधून दुकानात येऊन त्याच बायोडेट्याच्या आणखी प्रती काढून नेत होता.

काचेपलीकडे स्वानंदी फोनवर बोलत होती. उठून जाऊन तिला सांगावं, हे माझं काम आहे, या माणसांचा दोष नाही, असं अक्काच्या मनात आलं. पण सांगितलं तर नोकरी गेली. तिनं नंदूचा कागद हातात धरला, काचेकडे पाहिलं, आणि खोक्यात टाकला. नंतरचे कागद तिनं भराभर टाकले, नावं न वाचता.

स्वानंदी परत आली, तिनं खोकं आणि टेबल दोन्हीवरून नजर फिरवली. “परफेक्ट. एवढं फास्ट कुणी केलं नव्हतं.”

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीपाशी बसली.  घरी दिव्यश्रीनं विचारलं, “कसं झालं?” अक्का म्हणाली, “चांगलं झालं.” आणि कांदा चिरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नंदू दुकानात आला. कपड्यांना झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या.

“अक्का, काल कोरमंगलाला जाऊन आलात म्हणे. त्या माणसं देणाऱ्या कंपनीत. माझा पण कागद आहे तिथं. तुमची ओळख झाली असली तर स्वल्प, जरा सांगा ना माझ्यासाठी.”

“सरी,” अक्का होकार देत म्हणाली. “सांगते.”

“आणि दोन प्रती काढून द्या. अत्तिबेलेला एक ठिकाणी देऊन येतो.”

ती जागची उठली नाही. विश्वासरावांनीच प्रती काढल्या. नंदूनं त्या घडी पडू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या आणि छातीशी धरून तो निघाला. अक्का त्याच्या पाठीकडे बघत राहिली. असं तोंडावर खोटं ती आयुष्यात कुणाशी बोलली नव्हती.

त्याच आठवड्यात स्वानंदीचा फोन आला. “अभिनंदन ताई. सोमवारपासून या.”

अक्का दुकानाबाहेर येऊन उभी राहिली. बसचे हॉर्न वाजत होते. “मॅडम, एक सांगायचं राहिलं,” ती म्हणाली. “ते कागद मीच करत होते. ते दुकान आमचंच आहे. सगळ्यांचा मजकूर मी एकच घातला. ती माणसं तशी नाहीत. त्यांनी मला सगळं सांगितलं होतं, मीच लिहिलं नाही.”

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“हे तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं,” स्वानंदी म्हणाली. तिच्या आवाजातली ताई गेली होती.

“होय.”

“स्वतःच्या हातानं टाकलेत तुम्ही ते.”

“होय.”

“ते खोकं रद्दीत गेलंय.” मग ती म्हणाली, “मी पण ते वाचायला हवे होते, खरं तर. नवीन करून पाठवा. प्रत्येकाचा वेगळा. बघीन मी, पण प्रॉमिस नाही. आणि तुमच्या जागेचं मला आता साहेबांना विचारावं लागेल.”

त्या जागेबद्दल पुन्हा कधी फोन आला नाही. अक्कानंही केला नाही.

विश्वासरावांना हे कळलं तेव्हा ते चिडले. “कुणी विचारायला आलं होतं का तुला? दुकानाचं नाव जाईल आता.”

“गेलंच आहे ते,” अक्का म्हणाली. “आपल्याला माहीत नव्हतं एवढंच.”

कॉम्प्युटरवर सगळ्यांचे कागद होते, त्यावर फोन नंबर होते. तिनं एकेकाला फोन करायला सुरुवात केली. काहींचे नंबर बदलले होते. काहींना कामं लागली होती, त्यांनी हसून सोडून दिलं. एका बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. अक्कानं पुढचा नंबर लावला. रत्नम्मा मात्र लगेच आली. अक्कानं तिला समोर बसवून विचारत विचारत लिहिलं, आधी कन्नडमध्ये, मग साध्या इंग्रजीत, शब्द अडला की दिव्यश्रीला विचारून. आव्हानात्मक वातावरण गेलं. कुठं, काय काम, किती मुलींना शिकवलं, एवढंच राहिलं. कागद एका पानात बसला. रत्नम्माला पुढं मुलाखतीचं बोलावणं आलं.

नंदूला फोन करायला अक्काचं मन धजेना. शेवटी ती त्याच्या घरी गेली. तो ओसरीवर बूट काढत होता. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, खोक्याचंही सांगितलं, आणि त्या सकाळच्या ‘सरी’चंही.

नंदू तिच्याकडे न बघता ऐकत होता. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

“दोन वर्षं झाली अक्का,” तो म्हणाला. “कुठूनच उत्तर येईना. मला वाटलं माझ्यातच काहीतरी खोट आहे. बायको म्हणायची, परत कागद देऊन या. मी तिच्यावर चिडायचो. म्हणायचो, माझ्यासारख्याला कोण घेणार.”

 माफी मागायची म्हणून अक्का आली होती, पण तो शब्द फार छोटा वाटायला लागला.

“उद्या येतोस का? नवा करू.”

“बघतो,” तो म्हणाला आणि आत गेला.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. नंतर एकदा दुपारी, दुकानात कुणी नसताना आला. खुर्चीवर बसला आणि विचारेल तेवढीच उत्तरं देत राहिला. मशीन कुठलं, किती वर्षं, शिफ्ट कोणती. किल्ल्यांची गोष्ट अक्कानं स्वतःहून लिहिली. छापलेला कागद हातात घेऊन त्यानं इंग्रजी अक्षर अन् अक्षर लावत ती ओळ वाचली.

“हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं,” तो म्हणाला.

“सांगितलं होतंस.”

त्यानं कागद उचलला आणि तो गेला.

काही महिन्यांनी नंदू अत्तिबेलेच्या एका कारखान्यात लागला. त्या नव्या कागदामुळं लागला की कुणाच्या ओळखीनं, हे अक्कानं कधी विचारलं नाही. विचारायचा हक्क आपल्याला उरला नाही, असं तिला वाटतं. कंपनीची बस त्याला दुकानासमोरच सोडते. तो पूर्वीसारखा आत येत नाही. रस्त्यापलीकडूनच मान हलवतो आणि गल्लीकडे वळतो. अक्काही मान हलवते, पण त्याच्या डोळ्यांकडे बघायला तिला अजून जमलेलं नाही.