हल्ली आजी

आमच्या बालविभागात सगळ्यात उंच वाचक कोण, असं विचारलं की पोरं एका सुरात ओरडतात, "श्रीदेवीअक्का!"

श्रीदेवी अकरावी सायन्सला आहे. आमच्या दारातून आत येताना तिला मान वाकवावी लागते. पहिली-दुसरीच्या पोरांसाठी केलेल्या बुटक्या बाकावर ती बसली की तिचे गुडघे हनुवटीला टेकतात. मांडीवर फिजिक्सचं जाडजूड पुस्तक ठेवते आणि त्याच्यावर चित्रांचं पुस्तक उघडते. फिजिक्सचा इतका चांगला उपयोग मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

जोडभावी पेठेच्या मागच्या गल्लीत आमचं वाचनालय आहे. वर मोठ्यांचा विभाग, खाली बालविभाग. खाली दोन कपाटं, एक सतरंजी, शेजारच्या कारखान्यातल्या यंत्रमागांची खडखड आणि ट्यूबलाइटच्या मागे राहणारी एक पाल. सकाळी सिद्धेश्वराला जाऊन आले की दुपारी मी बालविभाग उघडते, कपाटापुढं उदबत्ती लावते आणि मगच पुस्तकं बाहेर काढते. पाल सगळं बघत असते. मध्येच चुकचुकते. आपल्याकडे बोलता बोलता पाल चुकचुकली की बोललेलं खरं धरतात. लाकडावर बोटांनी टकटक करायची आणि देवाचं नाव घ्यायचं. पोरांना तर हा खेळच झालाय. कुणी म्हणावं, "मी आज आंघोळ केली," आणि पालीनं चुकचुकावं, की सगळी बाकं टकटक वाजायला लागतात. कुणी खोटं बोललं आणि पाल गप्प राहिली, तर मग त्या पोराची खैर नाही!

श्रीदेवी पहिल्यांदा आली ती वरच्या मजल्यावर जायला. कॉलेजचं काही पुस्तक हवं होतं. खाली पोरं खिदळत होती म्हणून दारात थांबली. थांबली ती थांबलीच.

"बाई, ही पुस्तकं मोठ्यांना देता का?"

"कोण मोठं?"

"मी की!"

मी हसले. म्हटलं, "बस. पण पाय आवरून बस, पोरं अडखळतील."

हळूहळू तिची माहिती कळत गेली. ती मूळची कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीची. वडील चनबसप्पा, तिथं त्यांची धान्याची अडत. सातवीपर्यंत कन्नड शाळा, पुढं मराठी. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून सोलापुरात मामाकडे शिकायला आणून ठेवली. मामा राजशेखर, त्यांचं डाळीचं दुकान. घरात पुस्तक म्हणजे पंचांग, नाहीतर अभ्यासाचं. गोष्टीचं पुस्तक, रंगीत, पानभर चित्र आणि खाली एकच ओळ, असं काही असतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

एकदा मी विचारलं, "अगं, तुझ्या वयाच्या पोरी वरच्या मजल्यावरच्या कादंबऱ्या नेतात. तुला ह्यात काय सापडतं?"

ती म्हणाली, "लहान होते तेव्हा मला ही मिळालीच न्हाईत, बाई. मग मी कधी वाचायची? म्हातारी झाल्यावर?"

मी तिला कोंबडीचं नवीन आलेलं पुस्तक दिलं.

आणि मग तो दिवस आला, ज्या दिवसानं आमचा सगळा हॉलच बदलून टाकला!

झालं असं. आमच्याकडे एका म्हाताऱ्या आजीचं आणि तिच्या नातीचं एक छोटं पुस्तक आहे. पहिल्या पानावर आजी खाटेवर झोपलेली, तोंड उघडं, आणि वर भिंतीवर चित्रकारानं गंमत म्हणून एक पाल काढलेली. खाली ओळ, 'हल्ली आजी फार झोपते.'

श्रीदेवी ते पान बघत राहिली. पान उलटलं, परत मागं आली. मग डोळे मोठे करून मला म्हणाली, "बाई! ही आजी पाल आहे का हो?"

"काय?"

"हल्ली आजी. लिहिलंय की हितं. पालीचं चित्र पण आहे!"

मला काही उमजेना. सतरंजीवरची कन्नड बोलणारी दोन-तीन पोरं मात्र फिस्सकन हसली. मग उलगडा झाला. कन्नडात पालीला हल्ली म्हणतात! आपलं 'हल्ली' म्हणजे आजकाल, आणि त्यांची 'हल्ली' म्हणजे पाल. चित्रातली पाल बघून पोरीनं वाचलं, 'पाल आजी फार झोपते.'

मी अर्थ सांगितला. वाटलं, लाजेल. लाजणं तर सोडाच, ती हसत सुटली, एवढी की फिजिक्स मांडीवरून खाली पडलं. "मग आता दोन्ही करून वाचू या की!" म्हणाली आणि पोरांना गोळा करून मोठ्यानं वाचायला लागली.

'हल्ली आजी भाकरी खात नाही.' पाल कुठली भाकरी खाते! 'हल्ली आजी भिंतीकडे बघत बसते.' बरोबर! 'हल्ली आजीला दात नाहीत.' पोरं लोळायला लागली. दुसरीतली प्रियदर्शनी, जिचे आईवडील शेजारच्या मागावर काम करतात, ती तेलुगू. ती ओरडली, "अक्का, आमच्यात बल्ली म्हणतात! बल्ली आजी!" कोपऱ्यातून कुणी तरी म्हणालं, "छिपकली नानी!" हल्ली, बल्ली, छिपकली, पाल! एका पालीची चार नावं आणि चाळीस पोरं असल्यासारखा गोंधळ. शेजारचे माग त्या दिवशी ऐकूच आले नाहीत. वरच्या मजल्यावरून एक आजोबा जिन्यात येऊन विचारून गेले, "काय झालं? साप निघाला का?"

तेव्हापासून शनिवारची दुपार श्रीदेवीची झाली. ती वाचणार, पोरं ऐकणार, आणि प्रत्येक पानात सगळ्यांनी मिळून पाल शोधायची, असो वा नसो. पूर्वी पुस्तकाला शेंगाचटणीचे हात पुसणारी पोरं आता हात धुऊन यायला लागली. आणि श्रीदेवी! वाचताना तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. पुढं काय होणार ते तिला ठाऊक असतं, तरी पान उलटायच्या आधी तीच श्वास रोखते.

पण एका गुरुवारी ती आली ती चेहरा पाडूनच. बाकावर बसली नाही. कार्ड मुठीत धरून उभी राहिली.

"बाई, मामांना दप्तरात कोंबडीचं पुस्तक सापडलं. मला विचारलं, हे कुणाच्या लेकराचं? मी म्हटलं, माझंच. लई चिडले. सायन्सची पोरगी बालवाडीत बसती व्हय, म्हणाले. शनिवारी येऊन कार्ड परत करणार आहेत."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? घर त्यांचं आहे." आणि मग एकदम, "बाई, काही तरी सांगा की त्यांना! माझी अजून अर्धं कपाट पुस्तकं राहिलीत!"

त्या रात्री देवापुढं बसले तरी मनात तेच. शेवटी एक कारण सुचलं. मराठी! पोरगी कन्नड शाळेतली, मराठी सुधारायला सोपी पुस्तकं वाचते, असं सांगायचं. कुठल्याही मामाला पटेल. सिद्धरामा, एवढं निभावून ने, म्हटलं.

शनिवारी राजशेखरमामा आले. पांढरा सदरा, कपाळाला विभूती, हातात स्कूटरची चावी. दारात चप्पल काढली, एवढं मला बरं वाटलं. पोरं सतरंजीवर बसलेली, श्रीदेवी त्यांच्या मध्ये, हातात तेच आजीचं पुस्तक. मामांना बघून ती उठून उभी राहिली.

"नमस्कार बाई," मामा म्हणाले. "ही आमची भाची. हिचं कार्ड बंद करायचंय."

"बसा तरी. पाणी देऊ?"

"नको. दुकान उघडं टाकून आलोय. बाई, तुम्हीच सांगा, एवढी घोड्याएवढी पोरगी लेकरांत बसून कोंबड्याकुत्र्यांची चित्रं बघती, हे बरं दिसतं का? हिच्या बापाला मी काय सांगू?"

मी ठरवलेलं बोलायला लागले. "असं नाही हो. हिची शाळा कन्नड ना, म्हणून मराठी सुधारायला..."

"नाही मामा," श्रीदेवी मध्येच म्हणाली.

अगं बाई, मी तुझ्यासाठी भिंत बांधतेय आणि तू वीट काढतेस!

"मराठी मला येतं. दहावीला मराठीत तुमच्या लेकीपेक्षा, प्रियंकापेक्षा जास्त मार्क होते की. मराठीसाठी वाचत न्हाई मी." ती थांबली नाही. "मला आवडतात म्हणून वाचते. लई आवडतात. अभ्यास करून वाचते. दुसरं काही कारण न्हाई."

मामांनी तोंड उघडलं. आणि नेमकं तेव्हा...

चुक् चुक् चुक्.

मामांचा हात आपोआप उठला. कपाटाच्या लाकडावर त्यांनी बोटांनी टकटक केली आणि पुटपुटले, "शिव शिव."

बस्स! सगळ्या पोरांनी बाकं बडवायला सुरुवात केली. "खरं! खरं! अक्का खरं बोलली! तुम्हीच टकटक केली, मामा!" मामा आपल्याच हाताकडे बघत राहिले, जणू तो शेजाऱ्याचा आहे.

"अरे, ते... सवय आहे..." ते म्हणाले. "पाल कुठं आहे?"

"पाल न्हाई मामा, हल्ली!" प्रियदर्शनी ओरडली. "ही बघा हल्ली आजी!" आणि पुस्तक उचलून थेट त्यांच्या हातात दिलं.

मामांनी पहिली ओळ वाचली. कपाळाला आठ्या. परत वाचली. मग चित्राकडे बघितलं. मग भाचीकडे. "हल्ली आजी," ते हळूच म्हणाले, आणि त्यांच्या पोटातून असा एक आवाज आला की मला वाटलं ठसका लागला. हसत होते! "यव्वा! हल्ली आजी फार झोपती म्हणं! हिला दात पण न्हाईत!" पुढची पानं त्यांनी उभ्या उभ्याच वाचली, पोरांच्या सांगण्यावरून प्रत्येक पानात पाल शोधली, आणि एका पानावर चक्क वाद घातला की ही पाल नव्हे, ही भिंतीची भेग आहे. पोरं म्हणाली पाल. मामा म्हणाले भेग. शेवटी श्रीदेवीनं पाल ठरवली. तिचा शब्द तिथं शेवटचा असतो.

शेवटच्या पानावर नात गाणं म्हणते आणि आजी डोळे उघडून हसते. मामांनी पुस्तक मिटलं, भाचीच्या हातात दिलं. कार्डाचं नावच काढलं नाही. चप्पल घालताना एवढंच म्हणाले, "अभ्यास चुकता कामा नये. आणि सहाच्या आत घरी." स्कूटर चालू झाली आणि श्रीदेवीनं प्रियदर्शनीला उचलून अशी गरगर फिरवली की उदबत्तीची राख सतरंजीभर झाली.

आता खरं सांगायचं तर, ती चुकचुक पालीची होती की प्रियदर्शनीच्या जिभेची, हे मला माहीत नाही. तिला पुढचे दोन दात नाहीत आणि असले आवाज ती फार छान काढते. मी वर बघितलं तेव्हा ट्यूबलाइटमागं काही दिसलं नव्हतं. पण मी तिला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. मी देवाजवळ मागितलं होतं. त्यानं ते कुणाच्या जिभेनं दिलं, ही चौकशी मी का करू?

श्रीदेवीचं अर्धं कपाट आता संपत आलंय. परवाच्या शनिवारी ती पोरांना वाचून दाखवत असताना बाहेर स्कूटर थांबली. मामा भाचीला न्यायला आले होते. सहाला बराच अवकाश होता. आत आले नाहीत. खिडकीशी उभे राहिले, गजाला धरून. गोष्ट एका माकडाची चालली होती. थोडा वेळ ऐकलं आणि मग त्यांना राहवलं नाही.

"बाई," त्यांनी बाहेरूनच विचारलं, "आज हल्ली आजी झोपलीय का उठलीय?"

पोरं खिडकीकडे धावली.