घोडीवरची खाच

हिनेक डोलेझालचं डोकं कायम तापलेलं. पियानोच्या कारखान्यात चाळीस वर्षं त्यानं घोड्या कोरल्या. घोडी म्हणजे तारांखालची लाकडी पट्टी, तिच्यावरूनच सूर नाद घुमवणाऱ्या फळीत उतरतो. दुसऱ्याचं काम दिसलं की हा सुरू, "हात आहेत का खुरं? सरपण फोडायला जा!"

घरचा पियानो मात्र त्यानं स्वतः बांधलेला, लेकीसाठी. त्याला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. नऊ वर्षांची ब्लांका एकदा म्हणाली, "बाबा, वरचे सूर थरथरतात."

"थरथरतंय तुझं डोकं! गाढवाला गुळाची चव काय?"

तेवढ्यावर थांबला असता तर हिनेक कसला! पोरीला कान नाही म्हणत त्यानं तिचं नाव संगीतशाळेतून काढून आणलं. ती रडरड रडली, याचा पारा काही उतरला नाही. आता ती पोस्टात शिक्के मारते, दर रविवारी बापाला खसखशीचा केक आणून देते. पियानोकडे ढुंकूनही बघत नाही.

यंदा एक तार तुटली. बाकीच्याही गंजलेल्या, म्हणून त्यानं सगळ्याच उतरवल्या. घोडी उघडी पडली. चष्मा पुसून बघतो तर काय, तार लाकूड सोडते तिथल्या, वरच्या सुरांच्या खाचा केसभर पुढे! खाचेची कड तार धरणाऱ्या खिळ्याच्या बरोब्बर मध्यावर हवी, तरच तार एका जागी सुटते. इथं खिळा ओलांडून ती पुन्हा लाकडाला टेकत होती. सूर थरथरेल नाही तर काय करेल?

"कुणा नालायकानं..." तो ओरडला. नालायक घरातच होता.

खिळे उपटून, छिन्नीला धार लावून त्यानं एकेक खाच मागे नेली. नव्या तारा चढवल्या. तीन आठवडे स्वतःलाच शिव्या घालत होता.

रविवारी ब्लांका आली तसा तो खेकसला, "वरचे सूर वाजव."

"मला कान नाही, बाबा."

"वाजव म्हणतो ना!"

तिनं एक वाजवला. मग दुसरा, तिसरा. "थरथरत नाहीत आता."

"घोडी मी चुकीची कोरली होती. तुझा कान बरोबर होता."

ब्लांकानं झाकण धाडकन आपटलं.

"ओरड की माझ्यावर," हिनेक म्हणाला.

"ओरडायला या घरात तुम्ही एकटे पुरे होतात! पस्तीस वर्षं, बाबा. चर्चमध्ये सगळे गातात तेव्हा मी नुसते ओठ हलवते, शेजारच्यांना त्रास नको म्हणून."